स्टिअरिंगवरचं बोट

आयर्लंडमधल्या डोनेगलच्या किनारी रस्त्यावर समोरून कुणी आलं, की स्टिअरिंगवरचा हात न उचलता नुसतं एक बोट वर करायचं. हाच तिथला रामराम. अख्खा हात हलवला तर माणूस परका, आणि काहीच केलं नाही तर एक तर आजारी, नाही तर वैरी. मॅनस गिलेस्पीचं बोट त्या टापूत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षं त्याने पोस्टाची गाडी हाकली. निवृत्त झाल्यावर नऊ माणसांची एक व्हॅन घेतली आणि पर्यटकांना घेऊन तोच रस्ता रोज फिरू लागला. डोंगराच्या अंगाला मेंढ्या, दुसऱ्या अंगाला खोल खाली समुद्र, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट.

सगळ्यांसाठी उठणारं हे बोट एकाच माणसासाठी उठत नसे. तो माणूस म्हणजे कॉन्डी मॅकगिनली. तरुणपणी दोघं एकाच होडीत वल्ही मारायचे. पुढे दलदलीतली जळणाची माती कापताना कॉन्डीचं फावडं गिलेस्पींच्या पट्ट्यात वीतभर घुसलं, की घुसलं नाही, यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. अकरा वर्षं! वीतभर चिखलासाठी! दोघांना समोर उभं करून कान उपटावेत असं कुणालाही वाटलं असतं, पण उपटणार कोण? अर्ध्या गावाची उरलेल्या अर्ध्या गावाशी अशीच काही ना काही अढी होती.

दोन वर्षांपूर्वी मॅनसची नजर बिघडली. जिथे पाहावं तिथेच मधोमध करडा डाग. कडेचं दिसे, समोरचं नाही. शहरातल्या डॉक्टरने साफ सांगितलं, "आजपासून गाडी बंद." मॅनसने मान हलवली आणि स्वतःच गाडी चालवत घरी आला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घर रस्त्याच्या पार टोकाला, तिकडे बस येत नाही. व्हॅन गेली की उरलं काय, तर शेगडी आणि भिंतीवरचं घड्याळ. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. रस्ता त्याला पाठ होता आणि कडेचं कुंपण दिसत होतं. समोर कोण आहे तेवढं कळत नव्हतं. त्यावर त्याने उपाय काढला: जे हलेल त्याला बोट करायचं, मग गाडी असो की पायी माणूस. एकदा तर गाढवाला केलं. गाढवाचा मालक खूश झाला, म्हणाला, मॅनस म्हातारपणी भलताच प्रेमळ झालाय.

रविवारी कॉन्डी गेला. सकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचतात, त्यात मॅनसने ऐकलं. चहा निवेपर्यंत तो तसाच बसून राहिला. दोन रात्री सगळं गाव मयताच्या घरी जाऊन आलं, तो गेला नाही. मंगळवारी अकराला चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन. शववाहिनी दरवेळी वरच्या रस्त्याने जाते, म्हणून मॅनस एका डच जोडप्याला घेऊन खालच्या रस्त्याला लागला. त्याला माहीत नव्हतं, की कॉन्डीने मरण्याआधी बायकोला सांगून ठेवलं होतं, मला खालून न्या, होडी बांधायचो त्या धक्क्यावरून.

धक्क्याच्या वळणावर, जिथे वाट जरा रुंद होते, समोर काहीतरी काळं, लांबट आलं. मासळीची गाडी असेल, असं समजून मॅनसने व्हॅन कुंपणाला घासत वाट दिली, बोट वर केलं आणि पुढच्या चढासाठी वेग वाढवला.

शववाहिनी दिसली की तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतात, टोपी काढतात, छातीवर क्रूसाची खूण करतात. दारू प्यायलेला माणूससुद्धा हे चुकवत नाही. आणि शववाहिनीच्या मागून माणसं पायी चालत येतात.

"अहो, माणसं! समोर माणसं आहेत!" डच बाई किंचाळली.

मॅनसने ब्रेकवर अख्खा देह टाकला. व्हॅन घसरत वाटेत आडवी होऊन थांबली. काळे कोट डावी-उजवीकडे रस्त्याकडेच्या खड्ड्यांत उड्या मारत होते. तो दार उघडून खाली उतरला, तेव्हा पुढच्या चाकापाशी, नजरेच्या कडेला, त्याला लहान मुलाचा एक बूट दिसला. नुसताच बूट. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग खड्ड्यातून एका पोरीचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत, आणि तो चाकाला धरून खाली बसला.

"अरे, मेलेल्याला तरी सोडायचंस!" कॉन्डीचा चुलतभाऊ पॅकी चिखलातून उठत ओरडला. "अकरा वर्षं पुरली नाहीत तुला? बोट दाखवून जातोस? शववाहिनीला?"

"मुद्दाम गाडी घातली अंगावर," आणखी कुणी म्हणालं. "सगळ्यांनी पाहिलंय."

डच जोडपं दुसऱ्याच गाडीतून निघून गेलं. मॅनस मयतामागून गेला, पण आत शिरला नाही. दफन आटोपल्यावर फादरने त्याला दफनभूमीच्या भिंतीपाशी गाठलं. "मॅनस, माणूस गेला की वैर संपतं. आज त्याच्या बायकोकडे, सेडीकडे जा. म्हण, राग डोक्यात गेला होता. हात मिळव. लोक आठवडाभर बोलतील, मग विसरतील."

मॅनस थक्क झाला. एवढ्या माणसांत एकानेही त्याच्या डोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं. वैर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वैरच दिसलं. माफी मागितली की प्रकरण मिटणार होतं, व्हॅन वाचणार होती. सुटल्यासारखं वाटलं त्याला, आणि लगेच स्वतःची किळस आली. तरीही सेडीकडे तो व्हॅन चालवतच गेला.

स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं होतं. हॅमची सँडविचं आणि चहा फिरत होता. तो आत येताच बोलणी थांबली. कॉन्डीची बायको सेडी टेबलाशी बसली होती.

"बस," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाकीचे जरा बाहेरच्या खोलीत बसा."

"सेडी, मी..."

"गप. पॅकीचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी शववाहिनीत पुढे बसले होते. तू बोट केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना काय ठाऊक, तुमचं कधीच मिटलंय म्हणून?"

"मिटलंय?"

"सोंग करू नकोस. दोन वर्षांपूर्वी कॉन्डी घरी आला, कोटसुद्धा न काढता इथेच बसला. म्हणाला, सेडी, मॅनसने बोट वर केलं. मी म्हटलं, मागे मेंढी असेल, तिला केलं असेल! तर म्हणाला, नाही गं, मलाच. रडला, मॅनस. हा दगड रडला. तेव्हापासून रोज दहाला, तुझी व्हॅन यायच्या वेळी, धक्क्याच्या वळणावर जाऊन उभा राहायचा. पाऊस असो, वारा असो. शनिवारीसुद्धा गेला होता."

रोज? त्या वळणावर रोज काहीतरी उभं असायचं, हे खरं. खांब की माणूस, हे न बघताच तो बोट करून पुढे जायचा.

आता तर माफीचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागत होतं. तेवढ्यात दार ढकलून सेडीची पाच वर्षांची नात आत आली. गुडघ्याला पट्टी होती. तिने मॅनसला पाहिलं आणि आजीच्या पाठीमागे लपली.

मॅनसने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सेडी, मला दिसत नाही. समोरचं काहीच दिसत नाही. दोन वर्षं झाली. आज मी या पोरीला मारलं असतं."

सेडीने किल्ली उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली, आणि नातीला एवढं घट्ट धरलं की पोर कुरकुरली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "म्हणजे तो तिथे उभा असायचा, तेही..."

"नाही दिसलं."

"तो टोपी काढायचा, मॅनस. रोज. तुझी व्हॅन वळणाआड जाईपर्यंत पावसात बोडक्या डोक्याने उभा राहायचा. तेही नाही दिसलं?"

"नाही," मॅनस म्हणाला.