न ओढलेल्या सिगारेटींचा भाव

सिगारेट महागली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बजेटच्या दिवशी सगळी आळी गॅस आणि इन्कम टॅक्सच्या काळजीनं टीव्हीसमोर बसलेली असायची, आणि आमचे बजेटकाका फक्त एका बातमीसाठी कान टवकारून असायचे. सिगारेट वाढली, असं एकदा ऐकलं की पायजम्यावर शर्ट चढवून स्वारी पेढे आणायला बाहेर! कसबा पेठेत त्यांच्या आळीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटायचं, या गृहस्थांची तंबाखूची एजन्सी असणार. एजन्सी कसली डोंबलाची! काका कारखान्यात साधे फिटर होते, आणि सिगारेट त्यांनी केव्हाच सोडलेली होती.

माझे बाबा आणि काका एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. दोघांचं रोजचं एकेक पाकीट ठरलेलं. पाळी सुटली की कसब्यातल्या गणपतच्या टपरीवर दोघं उभे राहणार, आणि मग बाबा सायकल हाणत बिबवेवाडीला घरी येणार. मी आठवीत असताना बाबा गेले. छाती पार निकामी झाली होती. शेवटी शेवटी एकेका श्वासासाठी त्यांची तडफड चालायची. काका रोज उशाशी बसायचे, बाबांचा हात हातात घ्यायचे, आणि मधेच उठून बाहेर जाऊन ओढून यायचे. मला त्यांचा असा संताप यायचा म्हणून सांगू!

बाबांचे दिवसपाणी झाले आणि पुढच्या पहिल्या तारखेला काका आमच्या दारात. शर्टाच्या ज्या खिशात पाकीट असायचं त्यातून त्यांनी घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. आई मानी. तिला नुकतीच एका पतपेढीत कारकुनाची नोकरी लागली होती. ती म्हणाली, "भावोजी, आम्हाला कुणाची मदत नको."

"मदत कोण करतंय, वहिनी?" काका म्हणाले. "हे पैसे माझे नाहीतच. हे जळालेले पैसे आहेत. इतकी वर्षं दर महिन्याला एवढे मी काडी लावून जाळत होतो, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता वसंता गेला आणि मी सोडली. मग हे ठेवू कुठं? घरात ठेवले तर परत जाळीन."

आईनं नोटा उचलल्या आणि माझ्या शाळेच्या फीसाठी डब्यात टाकल्या. जाताना काकांनी एक नियम सांगून टाकला. पैसे दर महिन्याला येणार, आणि ते त्या महिन्यात गणपतच्या टपरीवर जो भाव असेल त्या भावानं येणार. बजेटच्या पेढ्यांचा उगम हा असा. भाव वाढला की काका पेढे घेऊन थेट आमच्याकडे यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "सुमे, सरकारनं तुझी स्कॉलरशिप वाढवली गं!"

काकूंचा मात्र सुरुवातीला काडीचाही विश्वास नव्हता. काकू म्हणजे तोंडानं फटकळ, अस्सल पेठेतल्या. "हे सिगारेट सोडणार म्हणजे मी बोलणं सोडणार," असं त्यांनी आळीभर जाहीर करून टाकलं होतं. ते पहिले महिने काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. रात्रंदिवस बडीशेप चघळायचे, भाजीवाल्याशी भांडायचे, कारण नसताना सायकल खोलून पुन्हा जोडायचे. पण टपरीवर जाणं त्यांनी सोडलं नाही. ठरल्या वेळेला तिथं जाऊन रिकाम्या हातानं धुरात उभे राहायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "सिगारेट सोडलीय, माणसं सोडलेली नाहीत." वर्ष झालं, दोन झाली, आणि काकू बोलत राहिल्या पण त्या विषयावर गप्प झाल्या.

मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेज खाजगी, फी अव्वाच्या सव्वा. आईनं पतपेढीतून कर्ज काढलं आणि हप्ता बरोबर काकांच्या पैशांवर बसवला. आणि त्याच सुमारास काकांच्या कारखान्याला घरघर लागली. बाहेरचा माल देशात यायला लागला होता, नवी यंत्रं आली, माणसं जास्त झाली. गोड शब्दांत स्वेच्छानिवृत्ती म्हणाले, पण स्वेच्छा कोणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. हातात पडलेली रक्कम काकांनी बँकेत ठेवली. तर व्याज दरवर्षी खाली आणि सिगारेट दरवर्षी वर! जो माणूस सिगारेट ओढत नव्हता, त्याला सिगारेट परवडेनाशी झाली.

आई म्हणाली, "भावोजी, निदान आता निम्मेच आणत जा."

"वहिनी, निम्मी सिगारेट सोडता येत नाही," काका म्हणाले आणि नोटा टेबलावर ठेवून गेले. पुढच्याच आठवड्यात ते एका आयटी कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिले. तिथं कोवळी कोवळी पोरं दर तासाला खाली येऊन धूर काढायची. काका त्यांना काही बोलायचे नाहीत. आमच्याकडे येऊन मात्र हळहळायचे, "अगं, तुझ्या एका सेमिस्टरची फी ती पोरं माझ्यासमोर फुंकून वर जातात."

एकदाच, फक्त एकदाच मी घाबरले. कॉलेजातून येताना कसब्यात काही आणायचं होतं म्हणून उतरले, तर टपरीपाशी काका उभे, अंगावर वॉचमनचा गणवेश आणि बोटांत सिगारेट. पेटवलेली नव्हती. बाबांचा तो श्वास आठवला आणि, खरं सांगते, त्याच क्षणी कर्जाचा हप्ताही आठवला. मी जवळ गेले तरी त्यांनी हात लपवला नाही.

"बघत होतो, अजून ओळख देते का," ते म्हणाले.

"मग?"

"देते की! चांगली देते. रोज देते." त्यांनी ती सिगारेट गणपतच्या हातात परत दिली. "तुला काय वाटलं, सुमे, मी एकदा सोडली आणि संपलं? बाई गं, मी रोज सोडतो."

तोवर मी समजत होते की काका म्हणजे भारी निग्रही माणूस, त्यांना जमतं. त्यांना जमत नव्हतं, आणि तरी ते करत होते. त्या दिवसापासून माझ्या मनात काकांबद्दल जे काही आहे त्याला आदर हा शब्द फार अपुरा पडतो. मी घरी आले आणि मुकाट्यानं अभ्यासाला बसले.

मी पास झाले तेव्हा पेढे घेऊन कसब्यात गेले. काकूंच्या पाया पडले आणि म्हटलं, "काकू, हे तुमच्या घरातले पैसे होते. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय?" काकू म्हणाल्या. "ते पैसे मला कधी मिळणारच नव्हते. पूर्वी त्यांचा धूर दिसायचा, आता तू दिसतेस." आणि पेढा तोंडात टाकून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मला आयटीत नोकरी लागली. पहिला पगार पाहून आईनं आकडा दोनदा वाचला. कर्ज फिटलं, आम्ही वाघोलीला नवा फ्लॅट घेतला. पुढच्या पहिल्या तारखेला बेल वाजली. दोन बस बदलून, धापा टाकत, काका दारात. हात खिशाकडे गेलेला. मी त्यांचा हातच धरला. "काका, आता बास! आता मी कमावते. तुम्ही हे पैसे काकूंना द्या, कुठं फिरायला जा."

काका सोफ्यावर टेकले. पाणी प्यायले. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी आता ओढायला मोकळा?"

"असं काय बोलता, काका!"

"मग कसं बोलू? तुला वाटतं, तुझी फी मी भरली. अगं, हे पैसे पहिल्या तारखेला या खिशातून गेले नाहीत तर माझा हात कुठं जाईल ते मला पक्कं माहीत आहे. तू घेतेस म्हणून माझी सुटते. एवढी वर्षं तू मला सांभाळलंस, आणि आता पगार झाला म्हणून वाऱ्यावर सोडतेस?"

मी हात पुढे केला आणि नोटा घेतल्या. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. त्यानंतर दर महिन्याला मी ते पैसे घेत गेले. घरखर्चात मिसळले नाहीत. आईच्या पतपेढीतल्या शिपायाची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती, तिच्या फीला ते जाऊ लागले. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिला सांग, बजेटनंतर वाढतील."

काका मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेत, वय होऊन. वर्षभर आधी कसल्याशा तपासणीत डॉक्टर म्हणाले होते की या वयात अशी छाती क्वचित पाहायला मिळते, तर काका आळीभर ते सांगत फिरले होते. त्यांना पोचवायला टपरीवरचे सगळे म्हातारे आले होते. गणपतनं त्या दिवशी टपरी उघडली नाही.

दिवस झाले. पहिली तारीख आली. मी सकाळपासून उगाचच घरात होते, कामावर जावंसं वाटेना. बेल वाजली. दारात काकू उभ्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बटवा. वाघोलीपर्यंत त्या कशा आल्या असतील देव जाणे. आत आल्या, बसल्या, बटव्यातून घडी घातलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"गणपतला भाव विचारून आले," त्या म्हणाल्या. "मेला परत वाढलाय."

मी म्हटलं, "काकू, आता कशाला हो?"

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अगदी त्यांच्या नेहमीच्या पेठी नजरेनं.

"का? त्यांनी परत ओढायला सुरुवात केलीय का?"