छप्पर गळतं म्हणजे काय?

मिर्लांद आमच्या चर्चच्या हॉलमध्ये माझ्याकडे स्पॅनिश शिकायला आली तेव्हा तिला भाषेपेक्षा खोलीची घाई होती. सान्तियागोतल्या एका लाँड्रीत ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची आणि रात्री तिघीजणींच्या खोलीत चौथी म्हणून आडवी व्हायची. स्वतःची खोली झाली की हैतीहून लेकीला आणायचं, एवढा एकच ध्यास.

त्या सोमवारी ती वर्गात आली ती फुलूनच. "बाई, मिळाली खोली! इस्मेनियाबाईंची, मागची."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, दिली असती गं, पण छप्पर गळतं."

मी हातातला खडू खाली ठेवला. आम्हा चिलेच्या लोकांना तोंडावर 'नाही' म्हणणं जिवावर येतं. मग कुणाची आजी आजारी पडते, कुणाचं छप्पर गळतं, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. कापडाचं दुकान चालवणारे कोरियाचे पाकसाहेब रोज वर्गात क्रियापदांचे मुडदे पाडायचे, पण हे त्यांनी चटकन ओळखलं. "पोरी, हे 'नाही' आहे. आमच्याकडे पण अस्संच."

मिर्लांदला आम्हा दोघांची कीव आली असावी. "आमच्या गावात 'मदत करा' असं कुणी म्हणत नाही, लाज वाटते. नुसतं म्हणायचं, छप्पर गळतंय. शनिवारी सगळे हत्यारं घेऊन हजर! घरवालीने फक्त जेवणाचा हंडा चढवायचा."

शब्द तर तिला सगळे कळले होते. मला मोठं नवल वाटलं, आणि धास्तीही. बिचारीचं हसं होणार! शनिवारी मी मुद्दाम इस्मेनियाबाईंच्या गल्लीत गेले.

शिडी लागलेली. मिर्लांद आणि तिचे तीन गाववाले मागच्या खोलीवर डांबराचा डबा घेऊन भोक शोधत होते. खाली इस्मेनियाबाई उभ्या. एकट्या राहणाऱ्या, जिभेच्या तिखट.

"कुठे गळतंय, मावशी? इथला पत्रा तर नवाकोरा!" मिर्लांद वरून ओरडली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इस्मेनियाबाईंनी पदराआड लपवावं तसे हात एप्रनमध्ये खुपसले.

"तिथे नाही," त्या अखेर म्हणाल्या. "माझ्या पलंगावर गळतं. हिवाळ्यातला सगळा पाऊस बादली घेऊन झोपले."

"अहो, मग सांगायचं नाही का कुणाला?" मी म्हटलं.

"सांगितलं की! 'अरेरे' म्हणतात आणि निघून जातात. त्यांना वाटतं, म्हातारी काहीतरी टाळतेय."

शिडी पुढच्या बाजूला सरकली. बाईंनी मोठं पातेलं काढून कोंबडीचा रस्सा चढवला. जेवताना मागच्या खोलीची किल्ली मिर्लांदच्या ताटाशेजारी ठेवली आणि "मीठ बरोबर आहे ना?" एवढंच विचारलं.

सोमवारी मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं, 'छप्पर गळतं', आणि अर्थ विचारला. पाकसाहेबांनी हात वर केला.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.