पहिल्या नंबराच्या बदल्यात

माझ्या सख्ख्या भावानं मला देऊन टाकलं, ही बातमी मला त्याच्या तोंडून कळली नाही. आमच्या देवास गेट मोहल्ल्यातल्या टीमचे मास्साब, म्हणजे कोच, सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात महाकालचा प्रसाद. मी पोळ्या करून राहिले होते, तशीच कणकेच्या हातानं बाहेर आले.

"बहनजी, कल शाम से आप हमारे यहाँ. छह बजे."

"आपके यहाँ क्या?" मला वाटलं, हे चुकीच्या घरी आले.

"बास्केटबॉल, बहनजी. भाईसाहब ने बताया नहीं?"

नाही. भाईसाहेबांनी काहीएक बताया नव्हतं. मी प्रसाद घेतला, चहा विचारला, ते नको म्हणाले आणि गेले. आत आमचे हे दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अरे वा! सौदा झाला तुझा? काय भाव मिळाला?" म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी गुपचूप दुसरा गाल साबणानं भरला.

माझी टीम फ्रीगंजची, पुलापलीकडच्या माझ्या माहेरची. म्हणजे दादाचीच. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कोच तोच, सेक्रेटरी तोच, चेंडूत हवा भरणाराही तोच. शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर मी फ्रॉक घालायच्या वयापासून खेळले. लग्न होऊन देवास गेटला आले तरी खेळले, मुलगी झाल्यावरही खेळले. संध्याकाळी वरणभाताचा कुकर उतरवायचा, पोरीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवायचं आणि लूना काढून पूल ओलांडून फ्रीगंज गाठायचं. "त्या चेंडूत असं काय ठेवलंय गं?" असं सासूबाई रोज विचारायच्या. त्यांना काय सांगणार? दिवसभर मी शाळेत बाई, घरी कोणाची सून, कोणाची आई. त्या एका तासात दादा ओरडायचा, "अगं धाव, म्हशी!" आणि मला बरं वाटायचं.

आता ह्या देण्याघेण्याचा प्रकार सांगते, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही. मे महिन्यात गावातल्या पोरींचं शिबिर असायचं. आम्ही जुन्या खेळाडू त्यांना शिकवायचो. शेवटच्या दिवशी सगळ्या टीमचे म्होरके खुर्च्या टाकून बसायचे, पोरी समोर रांगेत उभ्या राहायच्या आणि एकेक टीम एकेक पोरगी घ्यायची. आदल्या वर्षी जी टीम सगळ्यात खाली राहिली तिचा पहिला नंबर. जी जिंकली तिचा शेवटचा. मेथीची जुडी उलटीपालटी करून घ्यावी तसं ते वाटायचं मला, पण न्याय होता त्यात. हरणाऱ्याला आधी. देवास गेटवाले दरवर्षी इमानेइतबारे हरायचे, म्हणून पहिला नंबर त्यांचा. आम्ही जिंकलेलो, म्हणजे आमच्या पदरात गाळ.

त्या वर्षी शिबिरात आगर रोडवरच्या एका खेड्यातली पोरगी आली. माझ्याहून वीतभर उंच. तिला सगळे लंबी म्हणायला लागले. बाई गं, काय हात होते तिचे! पण धावता येईना, थांबता येईना, चेंडू अंगावर आला की डोळे मिटायची. महिनाभर मी तिच्यामागे लागले. "आँखें खोल, मरेगी नहीं," हे किती वेळा ओरडले असेन. शिबिर संपत आलं तेव्हा ती चेंडू डोक्यावर धरून उभी राहिली की कोणाची टाप नव्हती तो काढून घ्यायची. मीच माहेरी जाऊन सांगितलं, "दादा, अशी पोरगी मी बघितली नाही रे. ही आपल्याकडे असती तर!" दादा नुसता "हूं" म्हणाला.

दादाचं त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान मोडून त्यानं एसटीडी बूथ टाकला होता, शेजारच्या दुकानवाल्या भियाबरोबर केबलचा धंदा सुरू केला होता. फ्रीगंजच्या गच्च्यागच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबत होत्या. त्या केबलवर अमेरिकेचं बास्केटबॉल दिसायचं आणि दादा बूथमध्ये बसून, गिऱ्हाईक बाहेर खोळंबलं तरी, आ वासून ते बघायचा. "तिकडे काय करतात माहितीये? जुना खेळाडू द्यायचा आणि त्याच्या बदल्यात नव्या पोरांमधला पहिला नंबर घ्यायचा. रडणं नाही, पडणं नाही. एकदम प्रोफेशनल!" हा शब्द तेव्हा नवा नवा आला होता आणि सगळ्यांच्याच तोंडी होता. आमचा पोहेवालासुद्धा प्रोफेशनल झाला होता, म्हणजे त्यानं जलेबी लहान केली होती. मी हसायचे. तो जुना खेळाडू म्हणजे मी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मास्साब गेल्यावर पोळ्या उरकल्या आणि तशीच माहेरी गेले. वहिनी दारातच भेटली. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मी ह्यांना म्हटलं होतं, वन्संना सांगा म्हणून." म्हणजे हिला माहीत होतं. आत आई लसूण सोलत होती. "अगं, मला वाटलं त्यानं सांगितलं असेल." म्हणजे आईलाही माहीत होतं. आदल्याच रविवारी मी तिथे जेवायला होते. वहिनीनं आग्रह करकरून श्रीखंड वाढलं होतं. सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि माझ्याशिवाय त्या पानांवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दादा आला. मी म्हटलं, "विकलंस मला?"

"विकलं काय? बदललं. तुझ्या बदल्यात त्यांचा पहिला नंबर आपला. लंबी आपली! तूच म्हणालीस ना, असती तर म्हणून?"

"मी तिला घे म्हटलं होतं. मला काढ म्हटलं होतं का?"

"हे बघ, चिडू नको. तुझं वय बघ. ह्या वर्षी तुला मागून राहिलेत तर मी दिलं. पुढच्या वर्षी फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही." आणि मग, जसं काही समजूतच घालतोय, "तसंही तू आता देवास गेटचीच ना? लग्न करून दिलं तेव्हाच तिकडे दिली तुला."

आई हसली. "दिल्या घरी सुखी राहा," म्हणाली. वहिनीही हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "त्या वेळी निदान मुलगा दाखवला होतास." चप्पल घातली आणि निघाले.

आता खरं सांगायचं तर दादाचा हिशोब चुकीचा नव्हता. शाळेत पोरींना शिकवते मी, एवढी अक्कल आहे. माझे दोन सीझन उरले होते, फार तर तीन. लंबीचे दहा. जुनी स्कूटर बंद पडायच्या आधी विकावी, हे कोणीही सांगेल. मी दादाच्या जागी असते तर मीही रात्रभर तळमळले असते आणि सकाळी बहुतेक तेच केलं असतं. फक्त त्या दोन्हींच्या मध्ये एक पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत माणूस लूना काढतो, पूल ओलांडतो आणि बहिणीच्या दारात येऊन म्हणतो, ऐक, असं असं करतोय. मास्साबांना तेवढं जमलं, प्रसाद घेऊन. दादाला नाही जमलं.

देवास गेटला मी गेले. जिद्दीनं गेले. पहिल्या दिवशी मास्साबांनी विचारलं, "आप कहाँ खेलना चाहेंगी?" असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं दादा बोट दाखवायचा तिथे मी उभी राहायची. त्यांचं कोर्ट मातीचं, एका रिंगला जाळी नाही, पोरी हरायला इतक्या सरावलेल्या की बास्केट झाली तर दचकायच्या. मी त्यांना झोडपून काढलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, जवळ आलं. पोळ्या गरम मिळतील." त्यांच्या दृष्टीनं सौदा झकासच होता.

आणि आम्ही चक्क जिंकायला लागलो. थंडीत गावची स्पर्धा झाली तेव्हा शेवटचा सामना फ्रीगंज आणि देवास गेट. फ्रीगंजच्याच कोर्टावर. दादाच्या पोरी नव्या गणवेशात होत्या; एका स्कूटरच्या एजन्सीनं दिले होते, पाठीवर जाहिरात. लंबीनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी तिला म्हटलं, "आज नहीं, आज लड़." ह्या सामन्यात मला काय हवं होतं ते लपवून काय उपयोग? मला दादाला हरवायचं होतं. त्यानं त्या बाकावर बसून बघावं आणि आपण काय दिलं ते त्याला कळावं, एवढंच.

बरोबरीत चाललं होतं. लंबी माझ्यावर आणि मी लंबीवर. तिला मीच शिकवलेलं, म्हणून ती कुठे वळणार हे मला आधी कळायचं. एकदा अडवलं, दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा चेंडूच काढून घेतला. देवास गेटवाले शिट्ट्या मारायला लागले. आमचे हेसुद्धा टाळ्या वाजवत होते, पोर खांद्यावर घेऊन. तेव्हा दादा बाकावरून उठला आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असा ओरडला, "उसके बाएँ से निकल! बायाँ घुटना मुड़ता नहीं उसका!"

माझा डावा गुडघा बाळंतपणानंतर गेला होता. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि दादाला. सासरी कळलं असतं तर खेळ त्याच दिवशी बंद झाला असता, म्हणून दादाच मला स्कूटरवरून इंदूरला हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचा आणि घरी सांगायचा की रामघाटावर स्नानाला गेलो होतो. गुडघ्याला पट्टी त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली आहे. "कोणाला कळणार नाही, मी आहे ना," असं म्हणायचा बांधताना.

लंबी थबकली. तिनं माझ्याकडे बघितलं. दादा पुन्हा ओरडला आणि मग ती डावीकडून निघाली. त्यानंतर दर वेळी डावीकडूनच निघाली. मी वळायचे तोपर्यंत ती रिंगखाली पोचलेली असायची. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर दादा माझ्याकडे आला. आनंद नुसता ओसंडून राहिला होता. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "काय मग? सौदा बरोबर होता की नाही?"

मी म्हटलं, "बरोबर होता. पण दादा, मला विचारलं असतंस ना, तर मी हो म्हटलं असतं रे."

"ते काय मला माहीत नव्हतं?" तो म्हणाला, अगदी लाडानं. "तू हो म्हणणार हे माहीत होतं, म्हणून तर विचारलं नाही, वेडाबाई!"

पट्टी सोडता सोडता मी रडले. लोकांना वाटलं, हरली म्हणून रडतेय.

गुडघ्याचं आमच्या घरी अर्थातच कळलं. सासूबाईंनी आठवडाभर खेळ बंद केला, मग स्वतःच गुडघ्याला तेल चोळून पाठवायला लागल्या. आमचे हे एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

पुढच्या उन्हाळ्यात लंबीला इंदूरच्या टीमनं उचललं. हॉस्टेल, खाणंपिणं, वर नोकरीचा शब्द. ती गेली आणि बरोबरच केलं तिनं. मग एका संध्याकाळी दादा आमच्याकडे आला, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच एकटा. बसला, चहा घेतला, पोरीला मांडीवर घेतलं. "परत येतेस का?" म्हणाला. "विचारायला आलोय. नीट विचारून राहिलोय."

"नाही," मी म्हटलं.

तो हसला. "नाटकं पुरे. गुडघ्याचं मी बघतो. उद्यापासून ये."

"नाही, दादा."

तरी त्याला खरं वाटेना. त्यानं आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. त्याला वाटत होतं, ह्यांच्यापैकी कोणीतरी मला अडवून राहिलंय. कोणीच अडवत नव्हतं. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा त्यानं पोरीला हळूच खाली ठेवलं आणि उठला. दारापर्यंत मी त्याच्या मागे गेले. मला जायचं होतं. त्या क्षणी, त्याच चपला घालून, त्याच्या स्कूटरवर मागे बसून मला जायचं होतं.

मी दार लावून घेतलं.