विहीर निजली आहे, परवा या

सकाळी सातला ती कुंपणाच्या फटीतून यायची आणि म्हणायची, "पंप लाव." पाइपातून पहिलं गढूळ पाणी पडून जाऊ द्यायची, मग ओंजळ धरायची. पाणी तोंडात घेऊन या गालातून त्या गालात फिरवायची, डोळे मिटायची आणि पचकन थुंकायची. मी बाजूला तंबाखू मळत उभा. आज माझा धंदा चालणार की नाही, ते तिच्या पुढच्या बोलण्यावर.

"गोड हाय. सोड."

नाहीतर, "खारं. बंद कर."

तुमच्यापैकी कोणी रविवारी उमेळ्याच्या बाजूला गाडी धुवायला आला असाल तर तुम्ही तिला पाहिलंय. हिरवं लुगडं, अंबाड्यात मोगरा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी तहानलेली आहे.

माझं गाड्या धुण्याचं सेंटर म्हणजे पत्र्याची एक शेड, त्यात दोन गाड्यांची जागा, दोन प्रेशरच्या बंदुका आणि एक फेसाची. मी कोणाची गाडी धूत नाही. टोकन घ्या, पेटीत टाका, पाणी सुटेल, आपली गाडी आपण धुवा. वेळ संपली की पाणी बंद. गावातले सुरुवातीला विचारायचे, "मग तू रे काय करतोस?" मी सांगायचो, बंदुकीच्या तोंडातला कचरा काढतो, फाटलेला पाइप बांधतो आणि शिकलेली माणसं स्वतःलाच कशी भिजवतात ते बघतो. बिल्डिंगवाले लांबून येतात, कारण त्यांच्याकडे पाणी टँकरचं आणि सोसायटीत गाडी धुवायला बंदी.

माझ्याकडे पाणी विहिरीचं. ती विहीर अर्धी माझी, अर्धी तिची. माझी वाडी आणि तिची वाडी, मधे विहीर. तिची केळी आणि मोगरा त्याच पाण्यावर. आमच्याकडे समुद्र जवळ. उन्हाळ्यात पाणी जास्त उपसलं की खालून खारं वर चढतं. दोन दिवस विहिरीला हात लावला नाही तर ते पुन्हा खाली बसतं. हावरेपणा केला तर विहीर कायमची जाते. गावात अशा गेलेल्या विहिरी आहेत. लोक त्यात कचरा टाकतात.

शेड उभी राहिली त्या दिवशीच ती म्हणाली, "भावजी, गाड्या धू, नायतर हत्ती धू. पानी मी चाखनार."

मी हसलो. माझी बायको हसली नाही. म्हणाली, "चालेल, वैनी." बायको हो म्हणाली की आमच्या घरात मतदान होत नसे.

वैनी सख्खी नव्हे, शेजारची. तिचा नवरा माझ्यापेक्षा मोठा, म्हणून ती वैनी आणि मी भावजी. माहेर मिठागरावरचं. "मी मिठात वाढली," म्हणायची. "माजा बाप पान्यात बोट बुडवून जिभेला लावी, नि सांगे मीठ कधी धरल. मला नको शिकवू."

एकदा तिला प्रेशरची बंदूक हातात धरायची हौस आली. मी म्हटलं, वैनी, झटका बसतो. तिने ऐकलं नाही. बंदूक उसळली, धार थेट छपरावर, तिथून एका नव्या मोटारीच्या उघड्या खिडकीत. आतला साहेब टायसकट न्हाला. वैनी केळीच्या खुंटाला टेकून हसतेय. "अगदी माज्या मालकासारखी! धरून ठेवली नाय तर उधळते!" साहेब आधी चिडला, मग त्यालाही हसू फुटलं. त्याची ओली सीट वाळेपर्यंत तिने त्याला केळी खाऊ घातली.

बंदच्या दिवशी लोक फाटकावर येऊन हॉर्न वाजवायचे. मी पाटी लिहिली, "पाणी नाही." वैनीने ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "खोटं कशाला लिवतो? पानी हाय की. दमलंय." मग तिने सांगितली तशी पाटी मी रंगवली: विहीर निजली आहे. परवा या. लोक त्या पाटीबरोबर फोटो काढू लागले.

पण मला तिचा राग यायचा. मे महिन्यातला रविवार, फाटकापर्यंत गाड्यांची रांग, आणि ही म्हणणार खारं. मी एक मीटर विकत आणला. पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. आकडा ठीक होता. त्या दिवशी मी तिला तोंडावर म्हणालो, "वैनी, तुमची जीभ म्हातारी झाली."

ती फटीतून परत गेली. मी टोकन विकायला बसलो.

दुपारी एक काळी गाडी उन्हात वाळली आणि तिच्यावर पांढरे डाग उमटले, कोणी चुना शिंपडावा तसे. मालक माझ्या अंगावर आला. "काका, पाणी आहे की काय आहे हे?" मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी मीटर बुडवला होता शेडवरच्या टाकीत. टाकीत पाणी कालचं. वैनी चाखायची विहिरीतून नुकतं उपसलेलं. गाढव मी.

तेवढ्यात फटीतून वैनी आणि माझी बायको, दोघींच्या हातात एकेक बादली. वैनीच्या पिंपात साठवलेलं गोडं पाणी. दोघींनी जुन्या लुगड्याच्या फडक्याने ती गाडी पुसली. मालकालाही एक फडकं दिलं. मी मधे गेलो तर वैनी म्हणाली, "तू बस. मशीनला जीभ कुटे असते, भावजी?" बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मी शेडला कुलूप लावलं. चौदाव्या दिवशी सकाळी सातला वैनी फटीत उभी.

"पंप लाव."

"मला नाही चालवायचं आता."

"तुला कोन इचारतंय? मला पानी चाखायचंय."

मी पंप लावला. तिने ओंजळ भरली, चूळ फिरवली, थुंकली. "गोड हाय. सोड." आणि ती निघून गेली. दारात एक टेम्पोवाला येऊन उभाच होता. मी कुलूप काढलं. रडायला वेळ मिळाला नाही, ते बरं झालं.

पुढच्या होळीनंतर तिने माझ्यासमोर तीन ग्लास ठेवले. "वळख." मी तिन्ही चाखले. तिन्ही सारखे. एकात तिने चिमूटभर मीठ घातलं होतं.

"तंबाखूनं जीभ मेली तुजी. माज्यामागं विहीर कोन बघल? माज्या सुनेला भाजीत मीठ कळत नाय. भावजी, आधी जीभ धू, मग गाड्या."

बायको चाळीस वर्षं तंबाखू सोडा म्हणून डोकं फोडत होती. तिच्यासाठी सोडली नाही. विहिरीसाठी सोडली. मला लाज वाटते, पण खरं ते खरं. डबी त्याच दिवशी वैनीकडे दिली. तिने ती उघडून वास घेतला आणि म्हणाली, "शी! ती बाय कशी राहिली तुज्यासोबत?"

वैनी गेली ती भर श्रावणात. विहीर काठोकाठ होती, हाताने पाणी घ्यावं इतकी. चाखायची गरज नाही अशा दिवसांत गेली. जाताना कोणाची खोटी केली नाही.

यंदा एप्रिलमध्ये एका रविवारी पाच गाड्या उभ्या होत्या. मी पंप लावला, पहिलं पाणी जाऊ दिलं, ओंजळ धरली. गालातून फिरवलं, डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग जिभेच्या मागे, अगदी कडेला, बारीक खारं. मी पुन्हा घेतलं. होतंच! मी एकटाच मोठ्याने हसलो. गाडीतली माणसं बघायला लागली.

"खारं," मी म्हणालो. "बंद."

"अहो काका, मीटरने बघितलं का?"

"मशीनला जीभ कुठे असते?"

कुंपणापलीकडून वैनीच्या सुनेने हाक मारली. "काका, मोगऱ्याला पाणी सोडू?"

"नको. दोन दिवस थांब, पोरी."

"बरं," म्हणाली. वाद नाही, काही नाही. वैनीशी मात्र ती रोज भांडायची.

मी पाटी काढली, धूळ पुसली आणि फाटकावर टांगली. विहीर निजली आहे. परवा या.

त्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत मी चूळ भरली नाही. चव गेली असती.