झुंबर गावितचा रविवार

रविवार मिळवायला झुंबर गावितला चार वर्षं लागली, आणि तो परत करायला दोन.

१९८६ साली तो नवापूरकडून सिल्वासाला आला. सामरवरणीच्या पुढे धागा कुरळा करणारा नवा कारखाना निघाला होता, तिथं मशीनवर माणसं हवी होती. सरळसोट, निर्जीव धागा तापलेल्या हीटरवरून जायचा, पिळला जायचा आणि लोकरीसारखा फुगून पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळला जायचा. एका मशीनला दोनशे सोळा धागे. एखादा तुटला की धावत जायचं आणि पुन्हा लावायचा. पाळी संपेपर्यंत हेच. मशीन दिवसरात्र चाले, बंद होई ती फक्त शुक्रवारी. वीज पुरत नव्हती म्हणून कारखान्यांना सुटीचे वार वाटून दिले होते. या पट्ट्याच्या वाट्याला शुक्रवार आला, पलीकडच्या पट्ट्याच्या वाट्याला सोमवार. माणसानं कधी थांबायचं ते तारांमधून ठरत होतं.

झुंबरचं घर दोन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्याच्या पाड्यावर रविवारी कुणी कुदळीला हात लावत नसे. लोक फार धार्मिक होते असं नाही; ती रीत होती, जेवायच्या आधी हात धुवावेत तशी. इथं आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी दहा वाजता तो धाग्यांच्या मागे धावत होता, आणि आपण काहीतरी चोरून करतोय असं त्याला दिवसभर वाटत राहिलं. पुढच्या रविवारी तसंच वाटलं. मग वाटणं कमी झालं, त्याचीच त्याला भीती बसली.

उपासना भरायची टोकरखाड्याला, अरविंदभाऊंच्या क्वार्टरमध्ये. अरविंदभाऊ नगरकडचे, वीज खात्यात कारकून, आणि इथल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख. कारखान्यातले पाचही ख्रिस्ती कामगार रविवारी यायचे नाहीत याचं त्यांना दुःख होतं, आणि ते दुःख बाजारात, रस्त्यात, जिथं गाठ पडेल तिथं ते बोलून दाखवत.

"सहा दिवस आपले, सातवा देवाचा, झुंबर. शब्बाथ मोडायचा नसतो."

"सातवा देवाचाच आहे, भाऊ. फक्त वार तुमच्या खात्यानं ठरवलाय."

अरविंदभाऊ हसले नाहीत. "मी बिलं बघतो. वार वर ठरतात."

"किती वर?" झुंबरच्या शेजारी उभ्या असलेल्या लखननं विचारलं. लखन वसावे अक्कलकुव्याकडचा, त्या पाचांतलाच, झुंबरच्याच पाळीत शेजारच्या मशीनवर होता. देवाबद्दल बोलतानाही तो तंबाखू मळत असे.

झुंबरनं अर्ज करायला सुरुवात केली. टाइम ऑफिसात जयवंत साहेब बसत. रत्नागिरीचा माणूस, कपाळाला कायम आठी. ते अर्ज घ्यायचे, वाचायचे, आणि पेपरवेटखाली ठेवायचे.

"अरे, मशीन शुक्रवारी बंद. तुला रविवारी सुटी दिली तर शुक्रवारी तू इथं काय करणार? भजन?"

झुंबर परत मशीनवर जाई. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज. मधेच एखाद्या रविवारी तो सरळ खाडा करी आणि सोमवारी मेमो घेऊन घरी येई. बायको, सरुबाई, ते मेमो त्यांच्या मुलीच्या, सोनीच्या, दप्तरातल्या वह्यांना कव्हर घालायला वापरायची. कागद चांगला असायचा.

१९९० मध्ये शेड वाढली, मशीनं दुप्पट झाली. शुक्रवारी सगळं बंद असताना साफसफाई आणि ऑइलिंगला एक कायमचा माणूस हवा होता. कुणी तयार होईना. जयवंत साहेबांनी झुंबरला बोलावलं.

"शुक्रवारी ऑइलिंगला ये, रविवार घे. पण लेखी दे. उद्या कुणी म्हणायला नको, मला बळंच बसवलं."

अर्ज अरविंदभाऊंनी लिहिला, त्यांच्या वळणदार अक्षरात. माझ्या धर्माप्रमाणे रविवार हाच पवित्र दिवस असून त्या दिवशी काम करणे हे माझ्यासाठी पाप आहे. झुंबरनं सही केली. सही करताना त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटलं.

पहिले काही रविवार चांगले गेले. धुतलेला शर्ट, सरुबाई, मधे सोनी, टोकरखाड्यापर्यंत पायी. अरविंदभाऊंनी समोर उभं राहून सांगितलं की आपल्यातल्या एका भावानं वाराची लढाई जिंकली. सगळ्यांनी वळून पाहिलं. झुंबर चटईकडे बघत बसला.

मग तो त्या खोलीतल्या माणसांकडे बघायला लागला. दवाखान्यातली एक नर्स, दोन शिक्षक आणि त्यांची कुटुंबं, अरविंदभाऊ, त्यांची बायको शैलजाबाई. या सगळ्यांना रविवारी सुटी होतीच. त्यांच्यासाठी आकाशातून किंवा तारेतून काही मागावं लागलं नव्हतं. उपासना झाली की बदल्यांच्या गोष्टी निघत, क्वार्टरच्या गळक्या छताच्या. झुंबरला बोलायला काही नसे. त्याची माणसं इथं नव्हतीच. ती कुठं होती ते त्याला चांगलं माहीत होतं.

"काय भो, झाली का लढाई जिंकून?" लखननं सोमवारी विचारलं.

"का रे?"

"का रे काय? रविवारी तुझं मशीन कोण बघतं? स्वर्गातून दूत येतो? मीच बघतो. तुझं अन् माझं, चारशे बत्तीस धागे. तुझा शब्बाथ माझ्या पायांवर पळतोय, झुंबर. रात्री बायको पाय चेपते अन् तुझ्या नावानं प्रार्थना करते. कसली ते विचारू नको."

तो हसत होता. झुंबरला हसू आलं नाही. बायबलातल्या मोशेला दिलेल्या आज्ञेत नोकरचाकर, जनावरं, दाराशी आलेला परका, सगळ्यांनीच थांबायचं असं आहे, हे त्यानं लहानपणी पाठ केलं होतं. पाठ केलेलं एवढी वर्षं तोंडात होतं, आता ते पोटात गेलं आणि तिथं टोचायला लागलं.

शुक्रवार आणखी वाईट. एवढी मोठी शेड, आणि आवाज नाही. एरवी इथं माणसं खुणांनी बोलत, आता हातातल्या तेलाच्या डब्याचं बूड दाबलं तरी ऐकू येई. झुंबर एकेका मशीनखाली शिरे, रोलरला गुंडाळलेले धाग्याचे केस कापून काढी, बेअरिंगात तेल सोडी. सगळा कारखाना विसावलेला, आणि विसाव्यासाठी भांडलेला एकटाच माणूस त्याच्या पोटाखाली उताणा.

एका शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तर ओसरीवर चटया उन्हात टाकलेल्या. सरुबाई गुणगुणत होती.

"कोण आलं होतं?"

"लखनभाऊ, झिपरूभाऊ, कारखान्यातले बाकीचे, त्यांच्या घरचे. बारा जण झालो."

"कशाला?"

"उपासनेला. तीन शुक्रवार झाले. आपली ओसरी मोठी, म्हणून इथं."

झुंबर पायरीवर तसाच उभा राहिला. "माझ्या घरात उपासना, आणि मला माहीत नाही?"

"सांगून काय करणार होते? तुम्ही तेलात असता."

त्या रात्री तो जेवला नाही. सरुबाईनं आग्रहही केला नाही, हे त्याला जास्त लागलं.

वर्षभर त्यानं ते गिळलं. सकाळी डबा घेऊन निघताना ओसरीवर चटया अंथरलेल्या दिसायच्या, झिपरूची बायको लांबूनच "सलाम, भाऊ" म्हणायची, आणि तो चोरासारखा बाजूनं निघून जायचा. रविवारी टोकरखाड्याला गाताना त्याचा आवाज फुटायचा नाही. शेवटी १९९२ मध्ये तो टाइम ऑफिसात गेला.

"साहेब, मला परत शुक्रवारी सुटी द्या."

जयवंत साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. फाईल काढली आणि त्याचाच अर्ज त्याला वाचून दाखवला. "रविवारी काम करणे पाप आहे. आता चालतं का पाप?"

"चालतं असं नाही, साहेब."

"मग? चार वर्षं डोकं खाल्लंस माझं. मी वर भांडून घेतलं हे तुझ्यासाठी. उद्या बाकीचे चौघं एकेक वार घेऊन येतील, मी काय करू?" मग आवाज थोडा उतरला. "मी इथं आल्यापासून एकदाही गणपतीला घरी गेलो नाही, झुंबर. तो अर्ज मी कुणाला देऊ?"

साहेबांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"एक कर. लेखी दे, की माझ्या धर्माला रविवारची गरज नाही. एक ओळ. फाईल बंद, ऑइलिंगला ठेकेदाराचा माणूस येतोय पुढच्या महिन्यापासून, तुला शुक्रवार."

ती एक ओळ घेऊन तो टोकरखाड्याला गेला. अरविंदभाऊंनी ऐकलं आणि ते उठूनच उभे राहिले.

"सही करू नकोस. हे नाकारणं आहे. देवानं तुला रविवार दिला."

"जयवंत साहेबांनी दिला, भाऊ. ऑइलिंगच्या बदल्यात."

"प्रभू मेलेल्यांतून उठला तो वार आहे हा! जगभर रविवारच पाळतात."

"त्याआधी शनिवार होता ना? शास्त्रात तर शनिवारच आहे. त्याचा रविवार झाला तेव्हा सही कुणी केली?"

अरविंदभाऊ वाईट माणूस नव्हते. प्रश्न त्यांना समजला होता, म्हणूनच ते चिडले. "असं बोलायला तुला कारखान्यानं शिकवलं," ते म्हणाले आणि आत गेले. शैलजाबाईंनी आणलेला चहा झुंबरनं उभ्यानंच प्यायला.

घरी येऊन त्यानं कागद सरुबाईसमोर आपटला. "दोन्हीकडून मेलो मी. सही केली तर धर्म गेला, नाही केली तर माणसं. तुला काय, तुला दोन वार आहेत."

सरुबाई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. "मला दोन वार? रविवारी तिकडं तुमच्या बाजूला किती वेळ बसते मी? शेवटचं गीत झालं की मोरीत. कपबश्या कोण विसळतं? शैलजाबाई आणि मी. इथं शुक्रवारी चूल पेटत नाही. सगळ्यांनी गुरुवारीच भाकरी करून ठेवायची, आपापली आणायची. मी म्हटलं, तर ऐकलं सगळ्यांनी. आठवड्यात तेवढीच बसते मी."

झुंबरला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं टोकरखाड्याहून परतताना ती गप्प का असते हे त्यानं विचारलं नव्हतं.

"आमच्या बाबाचे बैल," ती पुन्हा ताट ओढत म्हणाली, "रविवारी बसायचे. त्यांना कुठं वार कळत होता? मानेवर जू नाही एवढं कळायचं. करा सही."

"तू बैलाशी बरोबरी करतेस माझी?"

"बैल तुमच्यासारखा आरडाओरडा करत नव्हता."

त्यानं सही केली. लगेच नाही; आठवडाभर कागद खिशात वागवून, घामानं मऊ झाल्यावर. आधी त्यानं आपल्या शब्दांत लिहायचा प्रयत्न केला, रविवारची गरज आहे पण माणसं शुक्रवारी भेटतात, वगैरे. जयवंत साहेब म्हणाले, "एवढं कोण वाचणार? एक ओळ." मग एक ओळ. या वेळी सही करताना त्याला मोठं झाल्यासारखं वाटलं नाही. कागदावरचं खरं नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि जयवंत साहेबांनाही. साहेबांनी फाईलची दोरी बांधली आणि दुसऱ्या माणसाला आत बोलावलं.

महिनाभरानं पहिला शुक्रवार आला. झुंबर रात्रपाळी करून सकाळी सातला सुटला. अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, चटया स्वतः अंथरल्या. लखन आला, झिपरू आला, बायका आपापली फडकी घेऊन आल्या. लखननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आला का रे पाहुणा त्याच्याच घरी?" झुंबर भिंतीला टेकून बसला. सुरुवातीची प्रार्थना लखन करत होता, तंबाखू थुंकून. झुंबरनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा ऊन ओसरीच्या कडेला गेलं होतं. माणसं गेली होती. सोनी चटयांच्या गुंडाळ्या करत होती.

"उठवलं का नाही?" तो ओरडला.

"लखनभाऊ हलवत होते," सरुबाई म्हणाली. "मीच नको म्हटलं."

"अगं, सही केली मी! तसल्या कागदावर सही केली! एक गीत ऐकलं नाही मी!"

"घोरत होतात. दुसऱ्या गीताच्या वेळी तर सगळे हसले."

"कोणतं गीत?"

"आता काय सांगू," ती म्हणाली, आणि फडक्यातली गार भाकरी त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं भाकरी खाल्ली. संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. पण उठलाही नाही. त्याच भिंतीला टेकून, हात मांडीवर मोकळे टाकून, रागावलेला तसाच बसून राहिला.