रेकॉर्डवर नसलेलं नाव

ऑकलंडच्या हिल्सबरो भागात घर घेतलं तेव्हा शेजारी एक अमेरिकन म्हातारा एकटाच राहायचा. तरुणपणी बोटीवरच्या बँडबरोबर इथे आला आणि इथल्या बाईशी लग्न करून राहिला. त्याआधी, ऱ्हिदम अँड ब्लूज हे संगीत नवंनवं असताना, तो तिकडे अमेरिकेत गाणी लिहायचा. त्यातलं एक तुफान गाजलं, पण रेकॉर्डवर गीतकार म्हणून कंपनीच्या मालकाचं नाव छापलं गेलं. हे त्याने मला कुंपणाशी उभं राहून सांगितलं. गाण्याचा पहिला खर्डाही दाखवला, तपकिरी कागदावर खोडून खोडून लिहिलेला. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

एका रविवारी ऑफिसातले पुण्या-मुंबईचे मित्र बार्बेक्यूला आले. मी त्यालाही बोलावलं, खरं तर करमणूक म्हणून. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. टाळीने ठेका धरून त्याने ते गाणं म्हटलं. आवाज पार फाटला होता. एका मित्राने आत कॉम्प्युटरवर शोधलं आणि खिडकीतून ओरडला, "अरे, लिहिणारा भलताच कोणीतरी आहे!"

"काय म्हणतोय तो?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला माझं हसं होऊ द्यायचं नव्हतं. मी इंग्रजीत म्हणालो, "गाणं तुमचं नाहीये म्हणतोय. आणि न्यूझीलंडचं राष्ट्रगीत? तेही तुम्हीच लिहिलंत का?"

सगळे खो खो हसले.

"तुला मी कागद दाखवला होता," तो म्हणाला.

"कसला कागद?"

त्याने प्लेट गवतावर ठेवली आणि तो निघून गेला.

पुढच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. त्याला वृद्धाश्रमात हलवल्यावर घर रिकामं करायला पामर्स्टन नॉर्थहून त्याची मुलगी आली. मी तिला खोकी उचलू लागलो.

"अमेरिकेतून एका संशोधकाचं पत्र आलंय," ती म्हणाली. "ते गाणं डॅडचं होतं का, विचारतोय. आई तर म्हणायची, सगळ्या थापा. तुम्हाला कधी काही दाखवलं त्यांनी?"

हो म्हटलं असतं तर तो रविवारही सांगावा लागला असता.

"नाही," मी म्हणालो.

तिने संशोधकाला तसंच कळवलं. वह्या, सुटे कागद, टेपा, सगळं आम्ही दोघांनी मिळून कचऱ्यात टाकलं.

तो आणखी दोन वर्षं वृद्धाश्रमात होता. मी एकदाच गेलो. नर्स म्हणाली, "बोलता येत नाही, पण समजतं सगळं." मी खुर्ची ओढून बसलो. तो डोळे न हलवता माझ्याकडे बघत राहिला, आणि मी पंधरा मिनिटं हवेबद्दल बोलत बसलो.