गुरुजींची शेवटची पत्रं

आमच्या तत्त्वज्ञ गुरुजींनी शिष्यांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक मी काढतो आहे. गुरुजी सांगत आणि त्यांचा लेखनिक लिहीत असे. गुरुजी आता नाहीत, म्हणून जमवलेली पत्रं तपासून घ्यायला मी दर रविवारी वर्ध्याहून आंजीला त्याच्याकडे जातो. हा गृहस्थ जीव नकोसा करतो. प्रत्येक पत्र पत्त्यातल्या पिनकोडसकट मोठ्याने वाचतो, मधेच थांबून चहा घ्या म्हणतो, आणि दोन तासांत जेमतेम तीन पत्रं हातावेगळी करतो.

गेल्या रविवारी त्याने एक गठ्ठा बाजूला सारला.

"हे छापू नका. शेवटच्या वर्षी गुरुजीले बोलताच येत नव्हतं. हे सारे मी माह्याच मनानं लिहिले."

त्यात सगळ्यात वर माझ्या पत्राची नक्कल होती, वडील गेले तेव्हा मला आलेल्या. त्यातल्या चार ओळींच्या आधारावर मी ते दिवस काढले होते.

"मग गुरुजींच्या नावाने का लिहिलंत?" मी ओरडलोच.

"तुम्ही उत्तराची वाट पाहून राह्यले होते ना," तो म्हणाला.

पुस्तकातून ते पत्र मी काढलं. माझ्या खिशातल्या पाकिटातून मात्र ते काढवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.